‘मुलांना’ या शब्दात कोण येतं

रविवार, नऊ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा. जागा: गावातली अभ्यासिका. हजर: अध्यक्ष दत्तोबा, सचिव पेंडसे सर, पाच सभासद आणि निमंत्रित म्हणून माझे वडील. अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाच्या इतिवृत्तात ही आठच नावं आहेत. त्याच दिवशी मी माझ्या वहीत केलेल्या यादीत दहा आहेत, कारण मी दारात उभ्या असलेल्या दोघींनाही मोजलं: आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या तांबोळी बाई आणि मी. सभा माझ्या अर्जावर भरली होती आणि त्या पाऊण तासातला निम्मा वेळ मीच बोलत होते. इतिवृत्तात मात्र मी नाही. ‘एका अर्जावर चर्चा झाली’ एवढंच वाक्य आहे. अर्ज जणू स्वतःच्या पायांनी चालत आला, बोलला आणि निघून गेला.

आमचं गाव वाघोलीच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही, कारण त्या सभेतले निम्मे लोक अजून आहेत आणि माझं त्यांच्याशी रोज बोलणं असतं. तेव्हा गाव नुकतंच शहरात ओढलं जात होतं. ज्वारीच्या वावरांत खांब उभे राहत होते, दिवसभर कुठे ना कुठे बोअर मारायचं काम चालू असे, आणि त्या घरघरीत माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. आमचं घर खाली तीन खोल्यांचं आणि वर एक. पुढच्या खोलीत माझ्या वडिलांचं टंकलेखन यंत्र होतं. वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणे, आम्हीही. अण्णा दस्तलेखक होते. खरेदीखत, वाटणीपत्र, भाडेकरार, मृत्युपत्र, जे कोणाला लिहून हवं ते लिहून देत. सकाळी निबंधक कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसत आणि संध्याकाळी उरलेलं काम घरी आणत. काटकुळ्या बोटांनी ते कळा दाबत आणि ओळ संपली की घंटी वाजे. आमच्या घरातलं कुठलंही वाक्य त्या घंटीशिवाय पूर्ण होत नसे. ‘आमटीत मीठ...’ टिंग, ‘कमी आहे.’

आई मागच्या खोलीत स्वयंपाक करी. सकाळी भाकरी आणि एखादी पालेभाजी, संध्याकाळी शेंगदाण्याची आमटी आणि भात. गुरुवारी अण्णा कार्बन पेपर आणायला शहरात जात आणि येताना मंडईतून घेवडा, ओले हरभरे, कधी सीताफळं आणत. पक्षकार आले की आई चहा टाकायची. पक्षकार म्हणजे दस्त करून घेणारे; पण आमच्या घरात तो शब्द इतका रुळलेला होता की मला बरेच दिवस तो नात्यातलाच वाटे. काका, मामा, पक्षकार. हे लोक पुढच्या खोलीत बसून मोठ्यांदा भांडत, रडत, जमिनीच्या चतुःसीमा सांगत. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गायकवाडांचा बांध. मी मधल्या खोलीत बारावीचं पुस्तक उघडून बसलेली असे आणि माझ्या डोक्यात ओढा आणि बांध जाऊन बसत.

बारावी झाली की मला कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. त्यासाठी टक्के हवे होते, आणि टक्क्यांसाठी दिवसातून सहा तास बसायला जागा. दसऱ्याच्या सुमारास मी जागांची यादी केली आणि एकेक तपासली. गच्चीवर शेजारच्या बांधकामाची धूळ येत होती आणि कामगार वाकून बघत होते. देवळाच्या ओवरीत दुपारी पत्ते चालत. मैत्रीण संगीताच्या घरी तिची दोन लहान भावंडं होती आणि तिचे वडील पाण्याचा टँकर रात्रपाळीला चालवत म्हणून दिवसा झोपलेले असत. यादीत शेवटी राहिली ती अभ्यासिका. आमच्या घरापासून चार मिनिटांवर. सहा लांब टेबलं, बाकं, चार पंखे, आणि मी तीन दिवस वेगवेगळ्या वेळी खिडकीतून मोजून पाहिलं होतं, कधीही दोनपेक्षा जास्त टेबलं भरलेली नव्हती. त्यातही एकावर कोणीतरी झोपलेलं असे.

ही अभ्यासिका शंकरतात्यांनी बांधून दिली होती. दत्तोबांचे ते चुलते. जमीन विकली तेव्हा दोन गुंठे राखून त्यांनी त्यावर ही खोली बांधली आणि बक्षीसपत्र करून मंडळाला देऊन टाकली. वर्षभरात ते वारले. दारावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘मुलांसाठी अभ्यासिका’ असं लिहिलेलं होतं. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा पेंडसे सरांनी मला ती पाटी दाखवली.

पेंडसे सर शाळेतून निवृत्त होऊन गावाच्या नव्या इमारतीत राहायला आले होते. त्यांनी आठवीत मला मराठी शिकवलं होतं. शहरातून बसने येऊन शिकवत. बोलणं तुपात तळून काढल्यासारखं खुसखुशीत, आणि समोरच्याला टोचेल असं.

“वाचता येतं ना?” ते म्हणाले. “मुलांसाठी.”

“सर, मी मुलांत येत नाही का?”

“तू मुलगी आहेस. मूल असतीस तर पाळण्यात असतीस.”

मागे बसलेली दोन पोरं हसली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी सरांना त्यांचाच आठवीतला धडा म्हणून दाखवला. मुलगा, अनेकवचन मुलगे. विभक्ती लागली की मुलग्यांना, मुलग्यांसाठी. मूल, अनेकवचन मुले. विभक्ती लागली की मुलांना, मुलांसाठी. म्हणजे पाटीवरचा शब्द ‘मुलगा’चा नाही, ‘मूल’चा आहे, नपुंसकलिंगी आहे, आणि त्यात मी येते. सर, हे तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं.

“छान लक्षात ठेवलंस,” सर म्हणाले. “आता असं कर. हमरस्त्याला मुलांची शाळा आहे आणि तिच्यासमोर मुलींची. मुलांच्या शाळेत जाऊन हे व्याकरण सांग आणि नाव घाल. त्यांनी घेतलं तर मीही घेतो.”

आज इतक्या वर्षांनीही हे मला शब्दशः पाठ आहे. कारण उत्तर चांगलं होतं. शब्दाचा अर्थ कोशात एक आणि वापरात दुसरा असू शकतो, हे सतराव्या वर्षी मला माहीत नव्हतं असं नाही. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या माणसानं आयुष्यभर मुलांच्या वह्यांत ‘मुलगे’ लिहिलं नाही म्हणून लाल रेघ मारली, त्याला मी दारात उभी राहिल्याबरोबर अचानक लोकांच्या बोलण्याचा एवढा आदर वाटू लागला. मुलीला बाहेर ठेवायचं असेल तेव्हा वापर, आणि ठेवायचं नसेल तेव्हा व्याकरण. नियम त्यांच्याकडे दोन होते आणि कुठला काढायचा हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरत होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं. आई भात वाढता वाढता थांबली.

“अगं, तात्या हितंच बसून सांगत व्हते की,” ती म्हणाली. “म्या चा दिला त्यास्नी. म्हनले, ‘अण्णा, गावातल्या पोरास्नी बसाया जागा न्हाई, ती करा.’ पोरं म्हंजी समदीच की. पोरी काय झाडावनं पडल्यात?”

मी अण्णांकडे पाहिलं. हे मला तोवर माहीतच नव्हतं की बक्षीसपत्र अण्णांनी लिहिलं आहे. म्हणजे तात्यांनी ‘पोरास्नी’ म्हटलं, आणि अण्णांनी ते दस्ताच्या भाषेत ‘मुलांना’ करून घेतलं. आमच्याकडे ‘पोरं’ म्हटलं की त्यात पोरगेही आले आणि पोरीही. ज्या शब्दात मी होते तो शब्द अण्णांनी पुसून ज्यातून मला काढता येईल असा शुद्ध शब्द ठेवला होता.

“अण्णा, तुम्ही मंडळाला सांगा की तात्या काय म्हणाले ते.”

“नाही.”

“का?”

“तात्या बोलले ते हवेत गेलं. सही कागदावर आहे. ज्यानं लिहिलं त्यानं नंतर, मला असं म्हणायचं होतं, असं सांगायचं नसतं.”

“तुम्हाला म्हणायचं नव्हतंच. तात्यांना होतं.”

“तात्या आहेत का सांगायला? मेलेल्या माणसाच्या तोंडात मी शब्द घालणार नाही.” त्यांनी आमटी भुरकली. “मीठ बेताचं झालंय आज.”

मी ताटावरून उठले. आमच्या घरात ताटावरून उठणं हा मोठा गुन्हा होता. आई मला रागावली नाही, यावरून ती कोणाच्या बाजूची होती ते समजावं.

मी वर गेले. वरच्या खोलीत नसीमा तांबोळी राहत. त्या कायद्याच्या महाविद्यालयात शिकवायच्या. माहेर शहरात, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. महाविद्यालय आमच्या बाजूला हललं म्हणून त्या आठवड्याचे पाच दिवस आमच्याकडे भाड्यानं राहत. त्यांची मराठी पेंडसे सरांपेक्षा चोख होती आणि हे सरांना आवडत नसे. त्या निवडायला मटार घेऊन बसल्या होत्या. मला अर्ध्या शेंगा दिल्या आणि म्हणाल्या, “बोल.”

मी बोलले. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग शेंग सोलत सोलत त्यांनी जे सांगितलं ते मी दुसऱ्या दिवशी वहीत उतरवलं, म्हणून आजही नीट सांगू शकते. लिहिलेला नियम कसा वाचायचा यावर लोक फार पूर्वीपासून भांडतायत, त्या म्हणाल्या. एक पंथ म्हणतो, शब्द काय म्हणतो ते बघा, बाकी काही बघू नका. कारण लोक शब्दावर विसंबून वागतात. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधा, कारण नियम त्याचा आहे. तिसरा म्हणतो, नियम कशासाठी केला ते बघा आणि तो हेतू साधेल असं वाचा. आणि एक चौथा आहे, त्या म्हणाल्या, मला तो पटतो. तो म्हणतो, एकच शब्द उपटून हातात घेऊ नका. सगळा कागद एका माणसानं एका विचारानं केला असं धरा, आणि असा अर्थ शोधा की ज्यानं त्यातली प्रत्येक ओळ एकमेकींशी जुळेल आणि तो कागद करणारा माणूस शहाणा दिसेल, वेडा नाही.

“तुमचे अण्णा पहिल्या पंथातले,” त्या म्हणाल्या. “चांगला पंथ आहे, नाक मुरडू नकोस. तुझी आई दुसऱ्या. पेंडसे कुठल्याच नाहीत, ते फक्त दारात उभे आहेत. आता मला सांग, तू दस्त वाचलास?”

“पाटी वाचली.”

“पाटी रंगाऱ्यानं लिहिली. दस्त कुठाय?”

मंडळातल्या एकानेही दस्त काढून पाहिला नव्हता. मीही नाही. सगळे एका रंगाऱ्याच्या अक्षरावरून वाद घालत होते. खाली येऊन मी अण्णांना त्यांच्याकडची प्रत मागितली. त्यांच्या लोखंडी कपाटात प्रत्येक दस्ताची कार्बन प्रत असे. अण्णा म्हणाले, ती पक्षकाराची आहे, घरच्यांना देत नाही. पण तांबोळी बाईंनी सांगितलं होतं की जमिनीच्या नोंदलेल्या दस्ताची नक्कल कोणीही मागू शकतं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून निबंधक कचेरीत अर्ज केला. कचेरीबाहेर अण्णांचं टेबल होतं. मी त्यांच्यासमोरून गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि घंटी वाजली.

आठ दिवसांनी नक्कल मिळाली. अडीच पानं. पहिल्या कलमात वाक्य होतं, ‘सदर खोली गावातील मुलांना अभ्यासाकरिता विनामूल्य वापरू द्यावी.’ मी बसमध्ये पुढची कलमं वाचत गेले. पंखे, दिवे, सुट्टीचे दिवस, पादत्राणं बाहेर काढणं. सहाव्या कलमाशी मी थांबले आणि माझा थांबा निघून गेला. तिथं असं होतं: ‘खोलीच्या मागील बाजूस दोन संडास बांधण्यात आले आहेत. त्यांची दारे परस्परविरुद्ध दिशांस असून मधील भिंत छतापर्यंत आहे. दोन्ही संडास मुलांच्या वापरासाठी सदैव खुले ठेवावेत.’

मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले आणि सरळ अभ्यासिकेच्या मागे गेले. दोन संडास होतेच. एकाचं दार पूर्वेला, त्याला कडी. दुसऱ्याचं पश्चिमेला, रस्त्यावरून न दिसणारं, त्याला कुलूप. खालच्या फटीतून पाहिलं तर आत सतरंज्या, गणपतीच्या मांडवाचे पडदे आणि झांजांची पेटी.

सभेला मी नक्कल आणि वही घेऊन गेले. मला आत बसू दिलं नाही. सभासदांची सभा आहे, दारात उभं राहून सांग, असं ठरलं. तांबोळी बाई माझ्यासोबत उभ्या राहिल्या. दत्तोबांनी आधी अण्णांना विचारलं. ते मनानं वाईट नव्हते, वाद लवकर मिटावा एवढंच त्यांना हवं होतं.

“अण्णा, कागद तुमीच लिवलाय. तात्याच्या मनात काय व्हतं, सांगून टाका. तुमी म्हनाल तसं.”

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. “लिहिलंय ते वाचा,” ते म्हणाले.

एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. अध्यक्ष म्हणत होता, तुम्ही म्हणाल तसं. माझा बाप तिथं बसला होता, त्याला खरं माहीत होतं, आणि तो माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता.

मग मी वाचलं. पहिलं कलम वाचलं आणि व्याकरण सांगितलं नाही, कारण सर तयारीनं आले होते. सहावं कलम वाचलं आणि विचारलं, “दोन संडास का?”

“दोन असतात,” सर म्हणाले. “सोय.”

“मग दोन्हींची दारं एकाच बाजूला का नाहीत? पाठीला पाठ लावून, छतापर्यंत भिंत घालून, एक दार मागल्या बाजूला, आड असं का बांधलं? सगळे मुलगेच येणार असतील तर तात्यांनी ही भिंत कशासाठी घातली?”

एका सभासदानं खाकरून घेतलं.

“तात्यांना बांधकामातलं कळत नव्हतं,” सर म्हणाले.

“सर, दोन अर्थ आहेत,” तांबोळी बाई दारातून म्हणाल्या. त्यांना बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. “एका अर्थानं तात्या शहाणे ठरतात. दुसऱ्या अर्थानं त्यांनी विटा फुकट घालवल्या. तुम्ही कुठला घेताय?”

“आपण सभासद नाही आहात, मॅडम.”

“नाही. म्हणून तर वाचून आलेय.”

दत्तोबा हसले. मग हसू आवरून म्हणाले, “पर ह्या संडासात आपलं सामान हाय की.”

“हो,” मी म्हटलं. “कलमात सदैव खुले ठेवावेत असंही आहे.”

पाच सभासदांतले तिघं आता खाली बघत होते. मला वाटलं, झालं. मी वहीत ‘मुले म्हणजे मुलगे व मुली’ असं ठरावाचं वाक्यही आधीच लिहून नेलं होतं. पण पेंडसे सर दुसऱ्याच्या वाक्यावर सही करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पेन उघडलं आणि स्वतः ठराव लिहायला घेतला, मोठ्यांदा वाचत वाचत. ‘दस्तलेखक अण्णा यांचे मंडळास लाभलेले सहकार्य ध्यानी घेऊन, त्यांच्या कन्येस विशेष बाब म्हणून अभ्यासिकेत बसण्याची परवानगी देण्यात येत आहे.’

“हे चूक आहे,” मी म्हटलं. “मी सहकार्याबद्दल मागत नाहीये. दस्तात आहे म्हणून मागतेय.”

“तुला बसायला हवं होतं ना?” सर म्हणाले. “मग बस. शब्द कशाला ओढतेस?”

दत्तोबांनी टेबलावर हात मारला. “झालं. पोरीचं काम झालं, तात्याचा कागद बी तसाच ऱ्हायला. चा सांगा.” हात वर झाले. अण्णा निमंत्रित, त्यांना मताचा अधिकार नव्हता.

बाहेर आल्यावर तांबोळी बाई म्हणाल्या, “तुला खोली दिली आणि शब्द स्वतःकडे ठेवला. हुशार आहेत पेंडसे.” मला तेव्हा त्यांचाही राग आला, कारण त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

मी ती परवानगी नाकारायला हवी होती का? त्या रात्री वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून मी दोन्ही बाजू लिहिल्या. नाकारण्याच्या बाजूला पाच मुद्दे होते आणि घेण्याच्या बाजूला एक: परीक्षा. सोमवारी सकाळी आठ वाजता मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलेली होते. दुसऱ्या संडासाचं कुलूप त्याच आठवड्यात निघालं आणि त्याची चावी मला देण्यात आली, एकटीला, कारण विशेष बाब मी एकटी होते.

संगीतानं पुढच्या आठवड्यात अर्ज केला. पेंडसे सरांनी तिला विचारलं, “तुझ्या वडिलांनी कुठला दस्त लिहिलाय?” ती परत आली आणि मला फक्त एवढंच म्हणाली, “तुझं बरंय.” पुढचे चार महिने ती वडिलांच्या टँकरच्या केबिनमध्ये अभ्यास करत होती. दिवसपाळीचा चालक दुपारी टँकर उभा करी तेवढाच वेळ. मार्चमध्ये ती भौतिकशास्त्रात राहिली. मी पास झाले, चांगल्या टक्क्यांनी, आणि सरांनी मंडळाच्या फलकावर ‘अभ्यासिकेची यशस्वी विद्यार्थिनी’ म्हणून माझं नाव लिहिलं. विद्यार्थिनी. तो शब्द लिहायला त्यांना जमला.

अण्णांशी मी बरेच दिवस कामापुरतं बोलले. एकदा, निकालानंतर, त्यांनी आपणहून विषय काढला. येरवड्याचे दोन भाऊ होते, त्यांच्या वडिलांचं वाटणीपत्र अण्णांनी लिहिलं होतं. धाकटा आदल्या वर्षी अण्णांच्या पाया पडत होता की वडील तोंडी काय म्हणाले ते कोर्टात सांगा. अण्णांना आठवत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. धाकट्याची अर्धी जागा गेली. “त्याला नाही म्हटलं आणि माझ्या मुलीला हो म्हणू?” अण्णा म्हणाले. “मग त्यानं माझ्या दारात येऊन काय विचारावं?”

हे मला तेव्हा पटलं नाही आणि नंतर पटलं. मी आता एका बँकेत कर्जाचे दस्त तपासते. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की मी फाइल परत पाठवते आणि, साहेबांना तसं म्हणायचं नव्हतं, असं सांगायला येणाऱ्याला खुर्चीही देत नाही. अण्णांचा पंथ माझ्या पगाराचा पाया आहे. पण एक गोष्ट पटली नाही ती नाहीच. सहावं कलम त्यांनी स्वतःच्या बोटांनी टंकित केलं होतं. ‘मुलांना’चा अर्थ सांगायला त्यांचा नियम आडवा येत होता, ठीक. पण, पोरी, सहावं कलम वाच, एवढं म्हणायला कुठला नियम आडवा येत होता? तो तर कागदच होता. मी त्यांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, “वाचलंस की तू.” मग त्यांनी यंत्रात कोरा कागद सरकवला. आता ते नाहीत, आणि त्यांच्या या उत्तराला मी अजून प्रत्युत्तर शोधते आहे.

पेंडसे सर नातवाकडे परदेशी गेले. दत्तोबा अजून अध्यक्ष आहेत, आणि गेली सहा वर्षं मंडळाची सचिव मी आहे. अभ्यासिकेत आता संगणक आहेत, सहाच्या जागी चौदा टेबलं आहेत आणि निम्म्याहून जास्त जागा मुलींनी भरलेल्या असतात. सगळं छान आहे, असं जो येतो तो म्हणतो. पण अर्जाचे नमुने अजून दोन आहेत. मुलग्यांच्या अर्जात नाव, पत्ता, इयत्ता. मुलींच्या अर्जात नाव, पत्ता, इयत्ता आणि खाली एक रकाना: ‘विशेष बाब. कारण लिहावे.’ तो नमुना त्या ठरावावरून तयार झाला आणि तसाच छापत राहिला. दर जूनला मुली तिथं लिहितात. घरी जागा नाही. भाऊ लहान आहे. आजोबा आजारी असतात. आणि दर जूनला मी प्रत्येकीला विशेष बाब म्हणून मंजुरी देते, म्हणजे त्या खोलीत आज जेवढ्या मुली बसल्या आहेत त्या सगळ्या अपवाद आहेत आणि नियम अजून पेंडसे सरांचाच चालू आहे, माझ्या सहीनं.

मी ठराव तीनदा लिहून नेला. दत्तोबा म्हणतात, “बसत्यात की समद्या. आता काय अडलंय? तात्याचा कागद उकरला तर ह्या जाग्यावर डोळा असल्याल्या बिल्डरचा वकील बी वाचंल.” बाकीचे मान हलवतात. विषयपत्रिका मीच टंकित करते, पण दत्तोबा सांगतात त्या क्रमानं; तिच्यात माझा विषय अकरावा असतो आणि सभा दहाव्या विषयानंतर चहाला उठते.

या जूनमध्ये एका मुलीनं अर्ज दिला. अकरावीची आहे, तिचे आईवडील नव्या इमारतींत कामाला आहेत. कारणाचा रकाना कोरा होता. मी तिला परत बोलावलं आणि म्हटलं, इथं काहीतरी लिही.

“काय लिहू, मॅडम? अभ्यास करायचाय.”

“तेच लिही.”

“पण ते तर सगळ्यांचंच आहे ना? त्या मुलाला का नाही विचारलं?” तिनं शेजारच्या अर्जाकडे बोट दाखवलं.

मी तिला बसायला टेबल दिलं, त्या दुसऱ्या संडासाची चावी दिली, आणि अर्ज ठेवून घेतला. त्यावर मी विशेष बाब लिहिलेलं नाही आणि सहीही केलेली नाही. येत्या सभेत हा कोरा रकाना तसाच सगळ्यांसमोर ठेवायचा आहे, पहिला विषय म्हणून, चहाच्या आधी. विषयपत्रिका अजून टंकित व्हायची आहे.